अमावस्येची माडी

१

अमावस्या उलटल्याच्या सकाळी गंगाबाई झाडू घेऊन कोन गावच्या माडी संस्थेच्या शेडमध्ये शिरली आणि झाडू तिथंच टाकून ओरडत बाहेर आली. शेडमध्ये जमिनीत बांधलेल्या सिमेंटच्या दोन टाक्या होत्या. मोठीला सगळे थोरली म्हणत, लहानीला धाकटी. त्या धाकटीत संस्थेचे सचिव चारुदत्त गुप्ते पालथे पडले होते, गुडघाभर पांढुरक्या माडीत तोंड बुडवून. शेजारी दोरीला बांधलेला एक कंदील आत सोडलेला होता, आणि तो विझलेला होता.

त्या विझलेल्या कंदिलाने अर्ध्या तासात निकाल लावून टाकला. माडी म्हणजे माडाचा रस; ती आंबते तेव्हा तिच्यातून वायू निघतो. तो जड असतो आणि टाकीच्या तळाशी दबा धरून बसतो. म्हणून टाकीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा, ज्योत विझली तर उतरायचं नाही, हा नियम खुद्द गुप्त्यांनीच घातला होता. आता नियम घालणाराच आत होता. इस्पितळातल्या डॉक्टरांनी ‘भोवळ येऊन बुडून मृत्यू’ असं सांगितलं आणि फौजदारांनी म्हाताऱ्या बुधाजीला उचललं. शेडची किल्ली त्याच्याकडे आणि कंदील सोडायचं कामही त्याचंच, मग दुसरं कोणाला धरणार?

एफ्राइम वाकरूळकरांना ही बातमी पनवेलच्या बाजारात मासळी घेताना कळली आणि ते मासळी न घेताच घरी परतले. चौऱ्याण्णव सालचा एप्रिल तापला होता. एक्साइज खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. मुलगा अवीव इस्रायलला स्थायिक झालेला, आणि त्याची पत्रं ‘या, या’ म्हणून थकलेली. पण पनवेल सोडवत नव्हतं, आणि कोनची संस्था हे त्याचं एक कारण होतं. आयुष्यभर हातभट्ट्या फोडत हिंडलेल्या माणसाने म्हातारपणी माडीची वकिली करावी, यावर त्यांची बायको मिल्का मनसोक्त हसायची.

पण त्यांनी केलेली वकिली खरी होती. काही वर्षांपूर्वी कोनच्या आसपास विषारी भट्टीने माणसं मारली, तेव्हा प्रेतांचे पंचनामे एफ्राइमनीच पाहिले होते. त्यानंतर गावच्या बायकांनी भट्ट्या फोडल्या. खांदा कॉलनीत राहणारे चारुदत्त गुप्ते तळोज्याच्या कारखान्यात केमिस्ट होते. ते म्हणाले, नुसतं फोडून भागणार नाही, लोक पिणारच, तर मग त्यांना स्वच्छ आणि हलकी माडी द्या. आधी एसटी स्टँडजवळ नीरेची टपरी निघाली. मग गुप्त्यांनी माडी गाळून, तापवून बाटलीत टिकवायची रीत बसवली. मंत्रालयात हेलपाटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे सरकारने एका वर्षाची प्रायोगिक परवानगी दिली. अट एकच होती. वर्षअखेरीच्या तपासणीत थोरली टाकी खुणेपर्यंत भरलेली दिसली पाहिजे, नाहीतर ‘धंदा चालण्याजोगा नाही’ म्हणून परवाना रद्द. ही अट लिहिणाऱ्याने एप्रिलातला माड कधी पाहिला नसावा.

तपासणी सोमवारी होती. शुक्रवारी सकाळी बुधाजीची मुलगी मालू एफ्राइमच्या दारात उभी राहिली. पस्तिशीची, काटक. नवरा त्या विषारी भट्टीतच गेलेला. तेव्हापासून संस्था हाच तिचा संसार झाला होता. माडावर चढायचं काम बापाचं आणि खालचं सगळं तिचं.

"साहेब, माजा बापूस कंदील सोडल्याबिगर कोनाला उतरू देत नाय," ती उंबऱ्यातच म्हणाली. "गुप्तेसाहेब आपल्या मनानं उतरलं. तुमी तसं लिवून द्या. तुमचा शबूद खात्यात चालतो. नायतर बापूस जेलात जाईल आनि सोमवारी परवाना बी जाईल. सत्तर घरांच्या चुली हायत त्या शेडवर."

"बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही, मालू," एफ्राइम म्हणाले आणि चपला शोधू लागले.

"अहो, आज शुक्रवार आहे," आतून मिल्काने बजावलं. "दिवे लागायच्या आत घरात पाहिजे तुम्ही."

२

शेडच्या दारावर एक हवालदार पेंगत होता. वाकरूळकर साहेबांना त्याने उठून सलाम ठोकला आणि पुन्हा पेंगायला बसला. तीन दिवसांत आतलं काही हललं नव्हतं. फक्त प्रेत गेलं होतं.

एफ्राइमनी आधी कंदील उचलला. काच स्वच्छ होती आणि तेल अर्ध्यावर होतं. त्यांनी वात पाहिली आणि तिथेच उकिडवे बसले. वात पार खाली उतरवलेली होती, तोटीच्या आत गेलेली. घरातली बाई निजताना दिवा मालवते तशी.

ज्योत वायूने गुदमरून गेली तर वात वर तशीच राहते, कारण वायू काही चावी फिरवत नाही. म्हणजे हा कंदील कोणीतरी हाताने मालवून मग टाकीत सोडला होता. ज्याला ते अपघात समजून आले होते तो अपघात नव्हता.

मालू दारात उभी होती. त्यांनी कंदील होता तिथे ठेवला आणि गंगाबाईला बोलावून घेतलं. ही गंगाबाई एके काळी स्वतः भट्टी लावायची. एफ्राइमनीच तिला दोनदा पकडलं होतं, आणि त्यामुळे दोघांत एक प्रकारचा घरोबा होता.

"काय काय पाहिलंस गंगाबाई? आठवून सांग."

"काय पायनार साहेब? पाय बघितलं नि पळाले."

"वास आला काही? आंबूस?"

"आंबूस नाय. धाकटीच्या कठड्यावर पितळेचा पेला व्हता, त्यो उचलला मी. त्याला दवाखान्यावानी वास व्हता. सुई टोचतात ना, तिथला. गोडूस. मी इसळून ठेवला. पोलीस यायच्या आत कायतरी साफ नको का?"

एफ्राइमनी कपाळावर हात मारला, पण बोलून उपयोग नव्हता.

"त्या पेल्यातून कोण प्यायचं?"

"गुप्तेसाहेब. संध्याकाळी घरला जायच्या आधी पेलाभर नीरा घ्यायचं. माडीला तोंड नाय लावलं कदी. चाखायचं नि थुकायचं."

धाकटीतलं द्रव पांढुरकं, संथ पडलं होतं. एफ्राइमनी खिशातली बाटली दोरीने सोडून भरून घेतली. थोरलीच्या झाकणावर खात्याचं सील नव्हतं, नुसती कडी होती. त्यांनी आत मोजपट्टी घातली. माडी खुणेला बरोब्बर टेकलेली होती, बोटभरही कमी नाही. थोरलीतलीही एक बाटली त्यांनी घेतली. थोरली जराशी उंचावर होती; तिच्या पोटातून धाकटीवर उघडणारा एक जाड नळ होता आणि त्याच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं.

परतताना ते पोलीस चौकीत बुधाजीला भेटले. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता.

"बुधाजी, मंगळवारी धाकटीत माडी किती ओतलीस?"

"एक थेंब नाय. अवसेला आमी माडावर चढत नाय साहेब. माडाचा इसाव्याचा दिस. माज्या आज्यापासून चालत आलाय. सोमवारची समदी थोरलीत गेली, धाकटी मालूनं धुवून ठेवली, मी कुलूप घातला नि किल्ली दाराच्या खिळ्याला लावली, नेमीसारखी. मी फौजदाराला सांगतोय तर त्यो बोलतो, म्हातारा खोटा बोलतोय."

"टाकीत गुडघाभर होती, बुधाजी."

म्हाताऱ्याने डोळे वर केले. "मंग ती आली कुठनं?"

३

संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह राजेशिर्के यांचे ट्रक पुणे रस्त्यावर धावत. जुन्या नाक्यावरच्या त्यांच्या ऑफिसात कूलरचा गारवा आणि उदबत्तीचा धूर सारखाच दाट होता.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण वाकरूळकर, स्पष्ट बोलू? गुप्ते माणूस देव होता, पण धंद्याला देव चालत नाही. पुण्याची एक मोठी कंपनी माझ्यामागे लागलीय. परवाना त्यांच्या नावाने करू, तुम्ही फक्त माडी पुरवा, म्हणतात. गुप्ते ऐकत नव्हते. आता सोमवारी परवाना गेलाच, तर कंपनी नव्याने अर्ज करेल. माझं काही अडत नाही."

"मंगळवारी संध्याकाळी तुम्ही शेडवर गेला होतात?"

"गेलो होतो, जीप घेऊन. गुप्ते कठड्यावर बसून काहीतरी तपासत होते, काचेच्या नळ्या वगैरे. मला म्हणाले, उदयसिंहराव, सोमवारी मी जे बोलेन त्याने तुम्हाला आनंदच होईल. मला वाटलं कंपनीला हो म्हणताहेत! मी खुशीत परत आलो." ते पुढे झुकले. "संशय आहे का काही? माझ्यावर नाही ना?"

"तुमच्या शर्टाला इस्त्री कोण करतं?" एफ्राइमनी विचारलं.

"का?"

"काही नाही. मंगळवारचा शर्ट त्याच्याकडे ओला आला का, ते त्याला विचारीन. माणूस बुडवणारा कोरडा राहत नाही."

उदयसिंहांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इस्त्रीवाल्याकडे शर्ट कोरडा गेला होता, हे एफ्राइमनी दहा मिनिटांत जाऊन विचारून घेतलं. शर्ट बदलायला कितीसा वेळ लागतो, हेही त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे उदयसिंहांचं नाव मनातून पुसलं गेलं नाही.

खांदा कॉलनीत गुप्त्यांच्या ब्लॉकचं दार उघडंच होतं. गुप्त्यांच्या पत्नी आशालताबाई जमिनीवर बसल्या होत्या. शेजारणी उठून आत गेल्या. आशालताबाईंच्या आवाजात रडण्यापेक्षा चीड जास्त होती.

"मला त्या वासाची किळस यायची, भाऊ. शर्टाला, केसांना, सगळीकडे माडी. भांडायचे मी. म्हणायचे, पगार आहे, घर आहे, कशाला हे उद्योग? ते म्हणायचे, आशा, दारूने मेलेली माणसं तू पाहिली नाहीस." त्यांनी आवाज खाली आणला. "मंगळवारी सकाळी जाताना एक विचित्र बोलले. म्हणाले, सोमवारी मीच उठून सांगणार आहे, परवाना गेला तरी चालेल, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून करू. मी विचारलं, काय सांगणार? तर म्हणाले, आधी एका माणसाला समजावून बघतो, त्याने स्वतःहून सांगितलं तर बरं."

"कोणाला?"

"नाव नाही घेतलं. फक्त म्हणाले, तिच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं."

‘तिच्या’. एफ्राइम जिना उतरले. खाली रिक्षावाल्याने दोनदा विचारलं तेव्हा त्यांना पत्ता सांगायचं सुचलं.

४

सूर्य कलता कलता ते घरी पोचले. मिल्काने दिवे लावले होते आणि शब्बाथच्या, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाच्या, प्रार्थनेसाठी मनुकांचं सरबत कपात काढलं होतं. एफ्राइमनी आशीर्वाद म्हणून कप ओठाला लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबलंय."

"काल सकाळी मनुका भिजवल्या," मिल्का ओशाळून म्हणाली. "हा उकाडा! एका दिवसात बुडबुडे धरले मेल्यांनी."

एफ्राइम कपाकडे बघत राहिले. मग खिडकीतल्या दोन बाटल्यांकडे. शब्बाथ होता, कामाला हात लावायचा नव्हता. पण बघायला धर्माची मनाई नव्हती, आणि शनिवारभर ते बघतच राहिले. मनुका एका दिवसात फसफसल्या. धाकटीतलं द्रव टाकीत तीन दिवस उकाड्यात पडून होतं आणि आता बाटलीतही एक बुडबुडा धरत नव्हतं. तळाशी मात्र पांढरा साका बसला होता.

शनिवारी आकाशात तारे दिसले, शब्बाथ सरला, तशी त्यांनी पहिली बाटली उघडली आणि बोट बुडवून चाखलं. ते गोड होतं. चिकट, मिट्ट गोड, आणि मागून जिभेला चुन्याची चुणचुण.

"मिल्का, ही माडी नाहीच," ते म्हणाले. "ही नीरा आहे."

माडाला बांधलेल्या मडक्याला आतून चुना फासला की रस आंबत नाही, त्याची नीरा होते. चुना नसला की त्याच रसाची माडी. हे पनवेलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण टपरीवर विकायच्या नीरेत चुना बेताचा असतो आणि ती दुपारपर्यंत टिकते. इतका चुना घालतात तो फक्त गुळाच्या नीरेत. टपरीवरून उरून आलेल्या नीरेत जास्तीचा चुना कालवून ठेवायचा, आणि पुरेशी साठली की कढवून गूळ करायचा. हे काम शेडमागच्या खोपीत चालायचं.

जी आंबतच नाही, तिच्यातून वायू कुठला निघणार?

मग त्यांनी थोरलीतली बाटली उघडली. वास माडीचाच होता, पण चव पातळ होती, आणि जिभेच्या मुळाशी एक कडवट झणझण राहिली. तीस वर्षांच्या नोकरीत ही झणझण त्यांनी बऱ्याचदा चाखली होती, तरी खात्री करायला हवी होती. मिल्काच्या पानाच्या डब्यातला चुना त्यांनी त्या माडीत कालवला आणि वाटी स्टोव्हवर कोमट केली. हळूहळू एक गोडसर वास वर आला.

मिल्का दारातून म्हणाली, "अगं बाई, इंजेक्शनसारखा वास कसला?"

"क्लोरल," एफ्राइम म्हणाले. "झोपेचं औषध. पाणी घालून वाढवलेल्या माडीला कैफ आणायला ताडीवाले ही पावडर मिसळतात. चुना लागला की हिला असा वास सुटतो." ते खुर्चीवर बसले. सत्तर घरांची स्वच्छ माडी ती हीच होती.

५

रविवारी सकाळी ते शेडवर गेले. मालू खोपीत गुळाची कढई घासत होती. त्यांना पाहून तिने पदराला हात पुसले.

"लिवून आनलंत का साहेब?"

"बस मालू."

ती बसली नाही.

"गुप्ते वायूने मेले नाहीत," एफ्राइम म्हणाले. "धाकटी त्या दिवशी कोरडी होती. त्यांना नीरेच्या पेल्यातून क्लोरल दिलं, पेल्यात चुना होता म्हणून गंगाबाईला दवाखान्याचा वास आला. ते कठड्यावरच झोपले. मग त्यांना आत ढकललं आणि बुडवायला वरून काहीतरी ओतलं. कंदील मालवून आत सोडला. इतपर्यंत कोणीही केलं असेल. उदयसिंहांनी केलं असेल, तुझ्या बापाने केलं असेल."

"बापसानं नाय केला."

"नाही केला. तो गुन्हेगार असता तर ‘धाकटीत माडी मीच ओतली’ म्हणून मोकळा झाला असता. एक थेंब नव्हता म्हणून अडून बसल्यामुळे तर तो अडकला. आता उदयसिंह. मला रात्रभर एकच प्रश्न पडला होता. धाकटीच्या डोक्यावर थोरलीचा नळ आहे. चावी फिरवली की पाहिजे तेवढी माडी धाकटीत येते. उदयसिंहांनी तेच केलं असतं, परवाना बुडाला तर त्यांना हवाच आहे. पण मारणाऱ्याने तो नळ उघडला नाही, त्यावरचं कोळ्याचं जाळंसुद्धा मोडलेलं नाही. त्याने खोपीतून गुळाच्या नीरेचे कॅन एकेक करून वाहून आणले. समोर एक माणूस निपचित पडलेला, कधीही कोणी येईल अशी वेळ, आणि हा माणूस कॅन वाहतोय. का?"

मालू कढईकडे बघत होती.

"कारण थोरली खुणेला टेकली होती. नळ उघडला असता तर ती हातभर उतरली असती आणि सोमवारी तपासणीत परवाना गेला असता. माणूस मारताना ज्याला थोरलीतली माडी सांडवत नव्हती, असं माणूस या संस्थेत एकच आहे. गुळाची नीराही तिच्याच ताब्यात असते."

बाहेर हवालदार खाकरला.

"चैतात माड आटतो," मालू शेवटी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "निम्मा बी देत नाय. ती रेघ गाठायची कशी? मी गुप्तेसाहेबांना ईचारला, सरकारला सांगा ना, हिवाळ्यात मोजा. ते बोलले, लिवलंय, उत्तर नाय. मंग मी पानी घातला. पानचट झाली, तवा ती पावडर आनली. थोडीच, साहेब. कोन मरनार नाय इतकी."

"तुझ्या नवऱ्याला देणारा पण थोडीच म्हणाला असेल."

हे बोलायला नको होतं, असं त्यांना बोलता बोलताच वाटलं. मालूने मान वळवली.

"गुप्तेसाहेब मला बोलले, मालू, सोमवारी आपन सांगून टाकू. मी पाया पडले त्यांच्या. बोलले, पुडल्या वर्षी परत करू. पुडल्या वर्षी! तंवर हातभट्टी घरोघर लागली असती. मला वाटला, येक मानूस गेला तर सत्तर घरं ऱ्हातील. त्यांनी पेला माज्याच हातनं घेतला." तिने ओठ चावला. "कॅन ओतताना त्यांचा हात हलला, साहेब. येकदाच. तरी मी थांबले नाय. मला वाटला लोक बोलतील गॅस लागला, त्यांचीच चूक. बापसाला धरतील नि परवान्यावर येईल, ह्ये ध्यानातच आला नाय."

एफ्राइमना तिची भयंकर कीव आली आणि तितकाच संताप आला. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना काहीच करता येईना.

"मी चौकीत येते," ती म्हणाली. "बापूस सुटंल. मी बोलेन, भांडान झाला, रागात मारला. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पन थोरलीचा नाव घेऊ नका, साहेब. तुमच्या पाया पडते. तुमी नि मी सोडून कोनाला ठाव नाय. उद्या मोजून जाऊ दे त्यांना. मंग ती समदी ओतून टाका."

मालूने कढई उपडी करून ठेवली, खोपीचं दार ओढून घेतलं आणि ती त्यांच्यापुढे चालू लागली.

६

त्या दुपारी मिल्काने वाढलेलं ताट तसंच राहिलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "सत्तर घरं आहेत हो."

"आहेत."

"आणि तुम्ही बोललात तर ती बुडणार."

"हो."

"पण तो बिचारा हेच बोलणार होता ना? ते बोलू नये म्हणून त्याला मारला. आता तुम्ही गप्प बसलात, तर त्याला मारून तिचं काम झालंच की."

सोमवारी शेडबाहेर सगळं गाव जमलं होतं. मालूची बातमी सर्वांना कळली होती आणि बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आशालताबाई पांढऱ्या साडीत एका कडेला बसल्या होत्या. तपासणी अधिकारी तरुण होता आणि भला वाटत होता. त्याने थोरलीत मोजपट्टी घातली, वर काढली आणि समाधानाने मान हलवली. गर्दीतून एक सुटकेचा निःश्वास निघाला.

"जे झालं ते दुर्दैवी आहे," अधिकारी म्हणाला, "पण व्यक्तिगत गुन्ह्यासाठी संस्थेला शिक्षा नको, असं मी लिहीन. वाकरूळकर साहेब, तुम्ही खात्यातले जुने. मालाबद्दल काही सांगायचंय?"

एफ्राइमनी गर्दीकडे पाहिलं. गंगाबाई समोरच होती. तिने स्वतःच्या हाताने फोडलेली तिची भट्टी त्यांना आठवली.

"टाकीतल्या मालाची चाचणी करा," ते म्हणाले. "त्यात क्लोरल आहे. चारुदत्त गुप्ते आज इथे हेच सांगणार होते. आणि दुसरंही एक लिहून घ्या. एप्रिलात ही खूण प्रामाणिकपणे भरता येत नाही. अट बदला, हेही ते सांगणार होते."

पहिलं वाक्य अधिकाऱ्याने लिहून घेतलं. दुसऱ्याला तो म्हणाला, तो विषय माझ्या अखत्यारीतला नाही. दुपारपर्यंत थोरलीला सील लागलं. गर्दी पांगताना कोणी एफ्राइमना शिव्या दिल्या नाहीत, उलट वाट करून दिली. आशालताबाईंनी तेवढे हात जोडले.

मे महिना निम्मा झाला तेव्हा एफ्राइम पुन्हा कोनला गेले. जायचं काही कारण नव्हतं. खाडीच्या बाजूला कुठेतरी भट्टीचा धूर निघत होता आणि तो त्यांना लांबूनच ओळखता आला. शेड बंद होती. तिच्यामागच्या वाडीत एका माडावर बुधाजी चढलेला दिसला, पायाला दोराचं कडं, कमरेला कोयता. एफ्राइम खाली उभे राहिले. म्हाताऱ्याने मडकं सोडून घेतलं, कापलेल्या पोयीवरून, म्हणजे माडाच्या न उमललेल्या तुऱ्यावरून, कोयत्याची पातळ धार फिरवली, नवं मडकं बांधलं आणि हळूहळू खाली आला. मग भरलेलं मडकं त्याने बुंध्याशी रिकामं केलं. रस मातीत जिरला.

"हे काय, बुधाजी? परवाना नाही, विकायचं नाही. मग या वयात वर कशाला चढतोस?"

बुधाजीने मडकं उपडं धरून शेवटचे थेंब झटकले. एफ्राइमच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही.

"रोज कापली नाय तर पोय सुकते साहेब. वर्सभर सोडला तर माड हात धरत नाय, मंग त्याला परत शिकवावा लागतो. माज्यानं आता तेवढा होनार नाय." तो शेजारच्या माडाकडे वळला आणि पायात कडं अडकवू लागला. "मालू सुटून येईल तवा झाडं चालू पायजेत."

तो वर चढू लागला. मालूला जन्मठेप होईल असं वकील म्हणत होता आणि म्हातारा सत्तरीचा होता. एफ्राइम खाली उभे राहून त्याच्या पायांकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे करून जमिनीवरचं रिकामं मडकं उचललं आणि तो मागेल तेव्हा द्यायला धरून ठेवलं.